सात फुटांचं दार

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे एका सुतारचाचांचं दुकान होतं. आमच्या घराच्या दर्शनी दाराचं ड्रॉइंग मी झेरॉक्स करून त्यांच्याकडे नेलं. मापं लिहिली नव्हती. कोपऱ्यात 'प्रमाण १:२०' लिहिलं की झालं, अशी तेव्हा माझी ऐट होती.

चाचांनी कागदावर नसलेला भुसा फुंकला, फूटपट्टी लावली, मोबाइलवर गुणाकार केला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पाच फूट भरी ऱ्हायनं. घरमा वाकीसन जाशी का, भाऊ?"

मी काढलेलं दार सात फुटांचं होतं. झेरॉक्सवाल्यानं मोठं ड्रॉइंग लहान कागदावर बसवलं होतं. मी त्याच्यावर चिडलो, तर चाचा हसले.

"त्याना काय दोष? खाले एक मीटरनी पट्टी काढ. कागद ल्हाना व्हयना तर पट्टीबी ल्हानी व्हई. आकडा कोठे ल्हाना व्हस?"

मूळ कागदावर दाराखाली मी पाच सेंटिमीटरची रेघ ओढली, तिच्यावर 'एक मीटर' लिहिलं आणि पुन्हा झेरॉक्स आणली. चाचांनी वर्तमानपत्राच्या कडेवर त्या पट्टीची लांबी खुणावली आणि ती कड दारावर उंबऱ्यापासून वर सरकवत नेली. दोन पट्ट्या आणि थोडं वर. सात फूट! मगच त्यांनी सागाला करवत लावली.

आजही कोऱ्या कागदावर मी घराआधी पट्टी काढतो. लोक माझा नकाशा मोबाइलवर दोन बोटांनी हवा तितका ताणोत, माझ्या दारातून कुणी वाकून जात नाही.