उलटा पांगारा

भातपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या एका गावात रुख्मा सून होऊन आली, आणि त्याच वर्षी तिच्या हातून ती चूक झाली. तलावाच्या मातीच्या पाळीखाली घरची भाजीची वाडी होती. पावसाच्या तोंडावर तिच्या कुंपणाचा पहिला खुंट नव्या सुनेनं रोवायचा, अशी घरची रीत. खुंट म्हणजे पांगाऱ्याची ओली फांदी, अंगभर काटे. रुजावी म्हणूनच रोवायची. काटे चुकवण्याच्या नादात रुख्मानं शेंडा खाली घातला आणि बूड वर.

सासू धुरपताबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "उलटा गाडला ना वं. आता कायचा जगते हा?"

गावाला तेवढंच हवं होतं. विहिरीवर, भाताच्या रोवणीच्या बांधीत, जिथं तिथं रुख्मा 'उलट्या खुंटाची सून' झाली. सासूच्या तोंडाला तर घरात खळ नव्हता. खुंट वाळला की या घरातून आपलं नाव कायमचं गेलं, असं रुख्माच्या मनानं घेतलं. ती रोज जाऊन बघायची. खुंट जसाच्या तसा. मग एके दिवशी सासूचे टोमणे अचानक थांबले. का, ते विचारायची रुख्माची छाती झाली नाही.

पुढं खुंटाला कोंब आले. आधी खाली झुकले, मग वळून वर निघाले. आज झाड पाळीपेक्षा उंच आहे. फाल्गुनात अंगावर पान नसतं, नुसती लालभडक फुलं, आणि मैनांचा कलकलाट. बुडाशी उरलेले काटे मात्र अजून जमिनीकडे तोंड करून आहेत. रुख्माला नातवंडं झाली, तरी तिथं तिचा पाय थबकतो आणि हात आपोआप जोडले जातात.

यंदा धुरपताबाईनं खाट धरली. "मले पांगारा दाखव," एवढंच मागणं. रुख्मानं आणि तिच्या मुलानं, देवानंदनं, खाट उचलून झाडाखाली नेली. म्हातारी कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग बुडावरून हात फिरवत म्हणाली, "मी याले उपटाले आलती. तू बांधीत होती. हलवला, तं खालून सफेद सफेद फुटून राहिला होता. शेंड्यातून, रुख्मा. मले भेवच वाटला. माती दाबली अन् घरी गेली."

"मंग सांगितलं काऊन नाही, मामीजी?" रुख्मानं सासूला विचारलं.

"काय सांगू? थो रुजून राहिला होता, अन् मी रोज तुले उपटून राहिली होती."

सासूच्या बोटाला काटा लागून रक्त आलं होतं. रुख्मानं ते रक्त पदरानं टिपलं आणि हात धरूनच ठेवला.