सासूबाईंच्या मनाचा कागद

आधी माफी मागून घेते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी पहिली द्यायची की दुसरी हे मला अजून नक्की ठरवता येत नाही. अक्षर किराण्याच्या यादीपुरतं आहे, दोन ओळी झाल्या की उतरणीला लागतं. ही वही कोणी वाचणार नाही, तरी चुकीचं लिहायची लाज वाटते. बोलणं तर मला त्याहून जमत नाही. चार बाया बसल्या की मी पाणी आणायला उठते. म्हणून लिहिते.

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. ती बारावी झालेली आहे. ती आणि दीर अमरावतीला राहतात, दीर नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात आहेत. आम्ही अकोल्याला, माझे मालक डाळ मिलमध्ये. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून हसत होती. माझ्या लग्नानंतर सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा हसल्या तेव्हा मुलगा चालायला लागला होता.

पण सासूबाई राहायच्या माझ्याकडे. सासरे गेले तेव्हापासून, सोळा वर्षं. त्यांना पोळी तव्यावरची लागते आणि वरणात गूळ चालत नाही, हे जावेला माहीत नव्हतं. आमच्यात महालक्ष्म्या सासू असेल त्या घरी बसतात, म्हणून मुखवट्यांचा डबाही माझ्याच घरी होता. भादव्यात जाऊ माझ्याकडे यायची, माझ्या चुलीशी बसायची आणि विचारायची, ताई, आंबिलीत ताक किती टाकू. वर्षातले ते तीन दिवस मला पुरायचे.

मग तिनं तब्येत तपासायचं मशीन घेतलं. त्याच्या किमतीत माझे अठरा हजार होते. मी उन्हाळ्यात लोकांच्या कुरड्या, शेवया, मुंगवड्या करून देते. चार उन्हाळ्यांचे पैसे मी घरघंटी घ्यायला ठेवले होते. दिरांचा फोन आला आणि मालक मला म्हणाले की लहानीला धंदा टाकायचा आहे, तुझे तर पडूनच आहेत. मला नाही म्हणायचं होतं. मी उठून कपाट उघडलं.

श्रावणात ती मशीन घेऊन अकोल्याला आली. डब्याएवढी पेटी, तिला एक वायर, वायरीला मुठीत मावेल अशी चकचकीत दांडी. दुसरी वायर लॅपटॉपला. माणसानं दांडी मिनिटभर मुठीत धरायची, न बोलता, न हलता. की हृदय, यकृत, हाडं, आठवण, मनाचा ताण, सगळं मोजून कागदावर येतं. बरं असेल ते हिरवं, वाईट ते लाल. कागदाच्या शेवटी कोणतं चूर्ण घ्यायचं तेही येतं, आणि ते चूर्ण जावेच्याच पिशवीत असतं. तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आली होती. शेजारच्या बाया आल्या, मालकांचे दोन मित्र आले. माझ्या घरात एवढी माणसं एकदम कधी आली नव्हती. सगळे तिला मॅडम म्हणत होते आणि मी चहाचे कप धूत होते.

शेवटी सासूबाईंच्या मुठीत दांडी दिली. त्यांनी डोळे मिटून घेतले, आरतीला मिटतात तसे. कागद आला तो जवळजवळ सगळा लाल. त्यात मनाच्या ताणाची पट्टी सर्वांत लांब. जाऊ कागदाकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आईले ताण हाय. आतून हाय. जागा बदलाले पायजे."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाकीच्या सगळ्यांनी पाहिलं. माझ्या घरात म्हातारी आतून झुरते आहे हे मशीननं छापून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई जावेसोबत अमरावतीला गेल्या. गोळ्यांचा डबा मी दिला. मुखवट्यांचा डबा मालकांनी स्वतः गाडीत ठेवला. म्हणाले, आई जिथं, महालक्ष्म्या तिथं.

त्यानंतरचा महिना मी नीट सांगू शकत नाही. दोनच माणसांचा स्वयंपाक असायचा, मुलगा पुण्याला असतो. कणीक मात्र मी तीन माणसांची भिजवायचे. दळण आणायला गेले की गिरणीवाली विचारायची, सासू कुठं गेली बाई. मी म्हणायचे, हवापालटाला. रोज रात्री जाऊ सासूबाईंचे फोटो मोबाईलवर पाठवायची. सासूबाई बागेत. सासूबाई कुल्फी खाताना. एका फोटोत त्यांनी जावेचा हिरवा स्वेटर घातला होता. मी एकदा स्वेटर विणला होता तेव्हा टोचतो म्हणाल्या होत्या. तो फोटो मी मोठा करकरून पाहिला, कुठं टोचत असेल तर चेहऱ्यावर दिसेल म्हणून.

महालक्ष्म्यांना मी पाहुणी म्हणून गेले. मूर्तिजापूरवरून बस गेली तेव्हा उतरून परत जावं असं वाटलं. जावेनं सगळं नीट मांडलं होतं, फुलोरासुद्धा बांधला होता, आणि आंबिलीत ताक किती हे मला विचारलं नाही. सासूबाई शेजारी बसून तिला सांगत होत्या. मला म्हणाल्या, "बस बाई, तू थकून आली." घरच्या सुनेला कोणी असं म्हणत नाही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी ती कागद लावत होती. तपासणीचे सगळे कागद तिनं फाइलीत ठेवले होते. सासूबाईंचा वरच होता. मला अक्षरांपेक्षा आकडे बरे कळतात. नावाखाली वय लिहिलं होतं, एकोणऐंशी.

ते वय खोटं आहे. खोटं म्हणजे चुकलेलं. आधार कार्ड काढायला गावात कॅम्प लागला होता तेव्हा सासूबाईंना जन्मसाल सांगता आलं नाही. समोरच्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून अंदाजानं टाकलं. पुढं त्या कार्डावर म्हातारपणाचा पगार चालू झाला, मग कोणी दुरुस्त करायला गेलं नाही. खरं पाहिलं तर माझे मालक झाले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, आणि मालक एक्कावन्नचे आहेत. म्हणजे अडुसष्ट. जाऊ कॅम्पनंतर घरात आली. तिनं कार्ड पाहून भरलं होतं.

मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. एवढं बोलायलाही मला घाम आला. तिनं ऐकलं आणि आधी दार लोटलं.

"ताई, हे कोणापाशी बोलल्या का तुमी?"

"नाही."

"बोलू नोका. आईचा पगार जाईन."

"बोलत नाही. पण खरं वय टाकून पाह्य एकडाव."

सासूबाईंना वाटलं नेहमीची तपासणी आहे. त्यांनी डोळे मिटले. तोच हात, तीच दांडी. जावेनं अडुसष्ट टाकलं आणि ताणाची पट्टी हिरवी आली. गुडघे सोडले तर जवळजवळ सगळंच हिरवं. सासूबाई उठून गेल्यावर जावेनं दांडी ओट्यावर तशीच पडू दिली. मग कोणाच्याच मुठीत न देता ती फक्त ओल्या फडक्यात गुंडाळली, वय चाळीस टाकलं आणि बटण दाबलं. फडक्याचे गुडघेसुद्धा चांगले निघाले.

ती खाली बसली. म्हणाली, "मले ट्रेनिंगमदे असं कोणीच नाही सांगतलं, ताई."

मला तिची कीव यायला हवी होती. मला आनंद झाला. खोटं काय लिहू, लग्नानंतर इतका आनंद मला थोड्याच वेळा झाला असेल. बाहेरच्या खोलीत पाच बाया प्रसादाला आल्या होत्या आणि तपासणी करूनच जायचं म्हणून थांबल्या होत्या. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. जाऊ तोंड धुऊन बाहेर गेली आणि तिनं पाचही जणींची तपासणी केली. मी दारात उभी होते. बोलले नाही. सासूबाईंचा पगार हे एक कारण, आणि मशीन बंद पडलं तर माझे अठरा हजार कुठून येतील हे दुसरं. दुसरं कारण आधी सुचलं होतं. त्या बायांनी चूर्ण विकत घेतलं. त्यांचा विचार आला की मला अजून बरं वाटत नाही.

संध्याकाळी मी हिरवा कागद घेऊन सासूबाईंजवळ गेले. म्हटलं, आई, तुम्हाला ताण नाही, मशीनचं चुकलं होतं, आता अकोल्याला चला. त्यांनी कागद हातातही घेतला नाही.

"कागदाचं काय घेऊन बसली वं. तो लाल होता तवा मले वाचता येत नव्हता, आता हिरवा हाय तवाबी नाही येत."

"मंग काहून आल्या इथं?"

"हे लहानी मायासंग बोलते." त्या हळूच बोलल्या, दुसऱ्या खोलीत जाऊ होती. "तू मले सोळा वर्सं गरम पोळी देली, मी नाही म्हणत नाही. पण ताट ठेवलं का तू चालली. मी जेवत राहो अन् भिंतीकडं पाहत राहो."

मी तिथं उभी राहिले. मला म्हणायचं होतं की मी दारामागं उभी राहून पाहायचे, ताटातलं काय संपतं आहे ते. पोळी संपायच्या आधी दुसरी यायची ती म्हणूनच. हे मी बोलू शकले नाही. सासूबाईंनी सुपारी कातरायला घेतली. सकाळच्या बसनं मी एकटीच परत आले.

आठ दिवसांनी मी त्यांना फोन केला. याआधी मी कोणाला आपणहून फोन केलाच नव्हता. म्हटलं, आज भेंडी केली. त्या म्हणाल्या, बरं. मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, शेजारच्या मांजरीनं आपल्या गादीत पिल्लं घातली. त्यांनी विचारलं, किती. चार म्हटलं. कोणत्या गादीत, त्यांनी विचारलं, आणि मग बराच वेळ गादीवर बोलणं झालं. मी बोलायचं काय ते सकाळी ठरवून ठेवायला लागले. भाजी निवडतानाच मनात म्हणून पाहायचे. मागून जावेचं हसणं ऐकू आलं की मात्र माझं ठरवलेलं सगळं विसरून जायचं.

दिवाळीनंतर सासूबाई परत आल्या. म्हणाल्या, तिकडं फरशी गार लागते. फोनमुळं आल्या की फरशीमुळं, हे मी विचारलं नाही. मुखवट्यांचा डबा त्यांनी लहानीकडंच ठेवला, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू म्हणाल्या. आता ताट ठेवलं की मी समोर बसते. त्या जेवताना जावेच्या गोष्टी सांगतात. ती अशी हसते, ती असं करते. मी ऐकते. दर वेळी पाणी आणायला उठावंसं वाटतं, पण उठत नाही.

जावेनं तपासण्या बंद केल्या. मला एकदाच म्हणाली, वय विचारलं की काय येणार हे आधीच कळतं, मग समोरच्या बाईकडे पाहवत नाही. अचलपूरच्या एका माणसानं मशीन अर्ध्याहून कमी किमतीत परत घेतलं. त्याचं तो काय करणार हे तिनंही विचारलं नाही, मीही नाही. त्यातले आठ हजार तिनं मला पाठवले. मग ती दिरांच्याच कारखान्यात कापडाच्या घड्या घालायला लागली आणि दर महिन्याला दोन हजार देत गेली. पहिल्या पगारात तिनं बंद बूट घेतले, कारखान्यात लागतात म्हणून. ते बूट घालून, गळ्यात फोटोचं कार्ड लटकवून काढलेला फोटो तिनं सगळ्यांना पाठवला. तोही मी मोठा करून पाहिला.

शेवटचे दोन हजार द्यायला ती चैत्रात स्वतः आली. मालकांसमोर, सासूबाईंसमोर, माझ्या हातात पाचशेच्या चार नोटा ठेवल्या. मोठ्या जावेनं अशा वेळी म्हणायचं असतं, राहू दे गं, काय घाई होती. सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी तसं म्हटलं नाही. नोटा मोजल्या, चारच होत्या तरी दोनदा मोजल्या, आणि म्हटलं, झाले. अठरा हजार पुरे झाले.