अननसातली बडीशेप

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लातूर जिल्हा झाला तेव्हा लोक पेढे वाटत होते आणि मला साहेब लोकांची धास्ती वाटत होती. एकेक कार्यालय भाड्याच्या घरात येऊन बसत होतं. आमच्या दुकानासमोरचा वरचा मजला दारूबंदीच्या साहेबांनी घेतला, तेव्हा मी थोरल्या भावाला, अण्णाला, म्हटलं की आपण दुकान दुसरीकडे नेऊ. अण्णा हसला. सरबताच्या दुकानाला दारूबंदीचं काय भ्या, असं त्याचं म्हणणं.

दुकान अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घातलेलं. सरबतवाल्यांना आणि आईसकांडीवाल्यांना लागणारे अर्क आम्ही विकायचो. अप्पा गेले, पण जाण्याआधी त्यांनी मला जिभेचं काम शिकवलं होतं. बत्ताशावर अर्काचा एक थेंब टाकायचा, तो जिभेवर विरू द्यायचा, श्वास नाकाने सोडायचा आणि थुंकायचं. माल कुठल्या दुकानाचा हे मी तेवढ्यावर सांगायचो. ही गोष्ट बाजारभर झाली होती आणि ती करण्यात माझाही हात होता. फुशारकी मारताना भित्र्या माणसालाही भीती वाटत नाही.

तो उन्हाळा दुष्काळाचा. टँकर आठ-आठ दिवस येत नव्हता, तिथे सरबत कोण करणार? अशातच एका सकाळी साहेबांनी मला वर बोलावलं. नांदेडहून बदलून आलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. टेबलावर चार बाटल्या होत्या. तीन खऱ्याखुऱ्या जमैकाच्या रमच्या, त्यांच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने आणलेल्या. एक आंब्याची, एक नारळाची, एक अननसाची. चौथीवरही अननसच होता, पण ती निलंग्याच्या एसटीत एका बेवारस पिशवीत सापडली होती. त्याच मालातली प्यालेला एक माणूस सरकारी दवाखान्यात होता आणि त्याला दिसेनासं झालं होतं. उरलेला माल कुणी पिण्याआधी सापडायला हवा, असं साहेब म्हणाले. खऱ्याशी ताडून बघा, चौथीतला वास कुठल्या दुकानाचा ते सांगा, आणि काही झालं तरी गिळू नका.

आम्ही लिंगायत. दारूचं नुसतं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. गळ्यातलं लिंग मी सदऱ्याच्या आत पाठीवर सरकवलं, जसं काही त्यामुळे त्याला दिसणार नव्हतं.

पहिला थेंब आंब्याचा. जीभ भाजली, मग काकवीचा वास आला, आमच्याकडच्या गुऱ्हाळावर येतो तसा, आणि आंबा शेवटी, साल चोखल्यासारखा. नारळात खोबरेलाचा गोडवा होता, तो टाळूला चिकटून बसला. अननसाची सगळ्यांत सरस. तिच्यातही काकवी होती, पिकून काळं पडलेलं केळं होतं, आणि अननस त्यांच्यात मुरला होता. खरं सांगतो, दोन क्षण मी भीती विसरलो. मग चौथी. ती जिभेवर ठेवताच मी खिडकीकडे बघितलं, समोरची पाटी वाचता येते का ते. येत होती. काकवी नव्हती, केळं नव्हतं. कोरडं स्पिरिट, त्यावर अननसाचा अर्क, आणि श्वास नाकाने सोडला तशी मागून बडीशेप.

अननसाचा उग्रपणा मारायला अप्पा त्यात बडीशेपेचा अर्क घालायचे. अख्ख्या बाजारात दुसरं कुणी घालत नव्हतं. आता तो माल फक्त आमच्या दुकानात मिळायचा.

"कळत न्हाई, साहेब," मी म्हणालो. "बाजारू हाय. कुठलाबी असंल."

साहेबांनी चूळ भरायला मला स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात ते पाणी थुंकताना लाज वाटली, तरी मी तसाच जिना उतरलो.

दिवसभर अण्णा माझ्या शेजारी गल्ल्यावर बसून होता आणि मला डोळ्यांपुढे त्याच्या हातातल्या बेड्या दिसत होत्या. त्याने जाणूनबुजून दिलं असेल का? विचारायची छाती होईना. जेवण गेलं नाही. दवाखान्यातला माणूस आठवला की मी बाटल्या पुसायला घ्यायचो. दिवेलागणीला अण्णानेच विचारलं, काय झालंय तुला? तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्याला लगेच आठवलं. चाकूरकडचा एकजण लग्नातल्या सरबताला म्हणून दोन कॅन अननस घेऊन गेला होता. "प्यायला पाणी न्हाई तिथं सरबत कोण करतंय? इचारायला पायजे होतं मी," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, आता गप्प बस म्हणेल. त्याने सदरा चढवला, पायात चपला घातल्या आणि म्हणाला, "चल."

वर जाऊन त्याने साहेबांना त्या माणसाचं नाव-गाव दिलं, अर्क आपलाच आहे हेही सांगितलं. जीप तेव्हाच सुटली. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला सकाळीच ओळखू आलं होतं ना?"

अण्णाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्येला न्हाई आलं, साहेब. मी सांगितलं तवा त्येला कळलं."

मी होकारार्थी मान डोलावली.

बहुतेक माल भरलेलाच सापडला. पण त्याच दिवशी एका लग्नात दोघांनी दुपारी चारच्या सुमाराला घेतली होती. एकाची नजर परत आली, दुसऱ्याची आली नाही. अण्णाने कितीतरी महिने कोर्टाच्या चकरा मारल्या आणि शेवटी सुटला. त्या सकाळबद्दल त्याने मला कधी काही विचारलं नाही. आता तो ऐंशीचा आहे. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसतो, आणि तो बोलता बोलता थांबला की मला अजून भीती वाटते, आता विचारेल.