मांडीवरची चप्पल

सरकारी दवाखान्याच्या बाकावर एक बाई नवऱ्याच्या उजव्या पायातली चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. नवरा शेजारीच होता. त्याच्या त्याच पायाला फडकं गुंडाळलेलं, आत शुगरमुळे चिघळलेली जखम.

"औषध चालू नव्हतं का?" मी विचारलं.

"इथं कधी असतं, कधी नसतं, ताई. बाहेरून आणा म्हणतात. जमेल तेव्हा आणलं."

"आणि योजनेचं कार्ड?"

"ते ॲडमिट झाल्यावरच चालतं."

खरंच आहे. आमच्या आरोग्य योजनेला माणूस आडवा झाल्याशिवाय दिसतच नाही. रोजची गोळी तिच्यात बसत नाही, पाय कापणं बसतं. कुणीतरी एसीत बसून हे ठरवलं असेल, या विचारानं माझं डोकं फिरतं. पण माझ्या संतापानं कुणाची जखम भरत नाही, आणि हे बदलेल असंही आता वाटत नाही.

डॉक्टर बाहेर आले. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल म्हणाले.

बाईनं घाबरत विचारलं, "कार्डावर होईल ना?"

"होईल."

"देव पावला," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मांडीवरची चप्पल तिनं जपून पिशवीत ठेवली.