मधली काच

बयाबाईंनी बावीस वर्षं वाशीच्या एका ऑफिसात काचा पुसल्या. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये दगडी बुद्धमूर्तीचा फोटो होता. रोज सकाळी पहिली काच त्याची. पुसता पुसता त्यांच्या मनात यायचं, ही मूर्ती एकदा बिनकाचेची बघावी, पायाशी माथा टेकवावा. फोटोखालचं त्या ठिकाणाचं इंग्रजी नाव त्यांनी चित्रासारखं कागदावर उतरवून आणलं होतं.

शनिवारी नोकरी संपली. खारघरला राहणाऱ्या संघप्रियाने, त्यांच्या मुलीने, विचारलं, "आई, काय घेऊ तुला? साडी की मिक्सर?"

बयाबाईंनी तो कागद पुढे केला. "हितं ने."

रविवारी बयाबाईंच्या घरून, कोपरखैरण्याहून, गाडीने तीन तास लागले. डोंगरात कोरलेला जुना विहार. आता तिथे कलासंग्रहालय आहे. भिक्खूंच्या खोल्यांमधून चित्रं लावलेली. ज्या दगडी ओट्यांवर ते निजायचे, तिथे लहान मूर्ती मांडलेल्या. बयाबाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. दाराशीच त्यांनी चपला काढल्या.

"आई, इथे घालून चालतं."

"चालत असंल. मला न्हाई चालत." आणि चपला हातात घेऊन त्या आत गेल्या.

शेवटच्या दालनात मूर्ती होती. तिच्यापुढे जमिनीपासून छतापर्यंत काच.

"हितं बी?" बयाबाई एवढंच म्हणाल्या.

काचेवर माथ्याच्या उंचीला तेलकट डागांची रांग होती. लोक येत, कपाळ टेकवत, पुढे जात. झाडलोट करणारी राहीबाई ओल्या फडक्याने ते डाग पुसत होती, आणि आतली मूर्ती धुक्यात गेल्यासारखी दिसत होती.

"तू पण टेकव ना," संघप्रिया म्हणाली.

"आन् ती पुसंल परत." बयाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग न राहवून म्हणाल्या, "बाई, गोल नगं फिरवू. वरनं खाली वढ. कोरडं फडकं हाय का?"

राहीबाईने वळून पांढऱ्या साडीकडे पाहिलं. "तुमी काय मॅडम हाय का इथल्या?"

"मॅडम कुठली! बावीस वर्षं हेच केलं."

"मंग दावा की करून."

"आई, प्लीज," संघप्रिया हळूच म्हणाली. "कालच सुटलीस ना यातून? मी काय काचा पुसायला आणलंय तुला?"

बयाबाईंनी चपला तिच्या हातात दिल्या, पदर खोचला. राहीबाईकडचं कोरडं फडकं घेऊन त्या टाचा उंचावून हात पोचेल तिथून खाली ओढत आल्या. एक पट्टा, त्याच्या काठावर दुसरा. तोंडाची वाफ देऊन एक हट्टी डाग काढला. दहा मिनिटांत हात पोचेल तेवढी काच लख्ख झाली.

मग त्या चार पावलं मागे आल्या. मूर्तीच्या बोटांवरचे छिन्नीचे घाव दिसत होते. उजव्या गुडघ्यावरचा टवका दिसत होता. फोटोत तो कधी दिसला नव्हता. मध्ये काही आहे असं वाटतच नव्हतं.

पदर सोडून बयाबाई तिथेच गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी जमिनीवर माथा टेकवला. संघप्रिया चपला धरून शेजारी उभी होती. थोड्या वेळाने तीही खाली बसली.

एवढ्यात मागून आलेले एक गृहस्थ हात जोडून सरळ पुढे गेले. टक् असा आवाज झाला.

कपाळ चोळत ते बाजूला झाले. बयाबाई उठल्या, काचेवरचा नवा डाग पाहिला आणि फडकं राहीबाईला परत दिलं.

"वरनं खाली," त्या म्हणाल्या.