समोरच्या काकू खेळायला बसल्या तेव्हा

आमच्या समोरच्या काकू सरकारी कचेरीत आहेत. बोलतात कमी, आणि वाक्याला हटकून 'की' लावतात. त्या रोज कॉम्प्युटरवर गेम खेळतात, हे माझ्या मुलीनं सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

मुलीला सात रस्त्याजवळच्या दुकानातला सवलतीतला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. त्यासाठी तिनं वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून काकूंना सोबत नेलं.

दुकानदार रंगीत दिवे दाखवत होता. काकू पदर खोचून थेट खेळायलाच बसल्या. बोटं अशी चालली की बाकीची गिऱ्हाइकं मागं येऊन उभी राहिली. मीही बघतच राहिले. थोड्या वेळानं चित्र अडखळू लागलं. काकूंनी कॉम्प्युटरच्या पेटीच्या काचेला तळहात लावला.

"आतलं ग्राफिक्स कार्ड लई चांगलं हाय की. पण पेटीत हवा जायला जागाच न्हाई, म्हणून तापतंय. याच भावात जाळीची पेटी बसवून द्या, आत्ता नेतो."

दुकानदारानं पेटी बदलली. काकू पुन्हा खेळल्या. चित्र एकदाही अडखळलं नाही.

"बस की आता, तुझंच हाय," असं मुलीला म्हणत त्या खुर्चीवरून उठू लागल्या.

मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, उठू नका ना. तो शेवटचा डाव परत दाखवा."