दोघांचा एक फोटो

मुलीने पुण्यात घर घेतलं, तेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, हॉलमध्ये तुमचा आणि आईचा फोटो लावायचाय. मोठा, सोळा बाय वीस." मी म्हटलं, पाठवतो. चांगला कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाला यात अवघड ते काय?

हिला जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. रविवारी कॉम्प्युटर उघडला. माझे फोटो साल आणि गावाप्रमाणे लावलेले असतात. हिचे चारशेच्या वर निघाले. पिशोरला माहेरच्या ओसरीवर, पैठणला धरणाजवळ, घरात मेथी निवडताना. सगळे इतके स्वच्छ की पापणीचा केस दिसावा. त्यातल्या एकाही फोटोत मी नव्हतो. कॅमेरा कायम माझ्याच हातात असायचा, आणि टायमर लावून लोकांसमोर पळत जायला मला संकोच वाटायचा.

दोघांचा फोटो एकच होता, तो हिच्या फोनमध्ये. तो फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळं घ्यायला थांबलो होतो. मी लेन्स बदलत होतो. ही म्हणाली, "अहो, ते नळकांडं ठेवा आता. तुमचं होईस्तोवर ही सीताफळं पिकतील. या इकडं." मी तिला सांगितलं की फोनवर आकडा अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा असला तरी त्यातला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो, आणि पुढचा कॅमेरा तर आठचाच. "असू द्या आठचा. आपण दोघंच आहोत," ती म्हणाली आणि हात लांब करून फोटो काढला. त्यात माझं अर्धं कपाळ कापलं गेलंय.

गुलमंडीजवळच्या स्टुडिओत गेलो. मालक जुने ओळखीचे, माझे प्रिंट तेच काढतात. त्यांनी फोनचा फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि मान हलवली. "साहेब, सोळा बाय वीसला हा फुटणार. चेहऱ्यावर नुसते ठिपके येतील. आठ बाय दहाच्या पुढं नाय जाणार." मग कॅमेऱ्यातले फोटो पाहून ते खुलले. "भाभींचा हा ओसरीवरचा एक नंबर आहे. तुम्ही इथं बसा, तुमचा काढतो, बाजूला जोडून देतो. आम्ही रोज करतो हे काम. कुणाला कळणार पण नाय."

मला ते पटलं. हिशेबानं तेच बरोबर होतं. दोन्ही फोटो चांगल्या कॅमेऱ्यातले, आकार हवा तेवढा. मी स्टुलावर बसलो. त्यांनी हनुवटी जरा वर करायला लावली, फोटो काढला आणि तासाभराने मला स्क्रीनसमोर बोलावलं.

जोडकाम उत्तम होतं. उजेड एका बाजूचा, खांद्याला खांदा. पण मी बघत राहिलो. ओसरीवर ती माझ्याकडे बघून हसली होती, कारण कॅमेऱ्यामागे मी होतो. आता मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि ती समोर बघत होती. समोर कुणीच नव्हतं.

"काय झालं, साहेब? रंग कमीजास्त करू?"

"नाही. फोनचाच काढा. आठ बाय दहा. दोन प्रती."

"अहो, पण त्यात भाभींची नजर पण चुकलीय. लेन्समध्ये नाय बघत त्या, खाली बघतायत. स्क्रीनमध्ये."

"हो," मी म्हणालो. "राहू द्या तशीच."

रात्री मुलीला सांगितलं, फोटो लहान येईल, सोफ्याच्या वर शोभणार नाही. ती म्हणाली, "चालेल बाबा. दाराजवळ लावते."

दुसरी प्रत मी जेवायच्या टेबलासमोर लावली आहे, बसल्यावर नजरेला येईल इतक्या उंचीवर. कॅमेरा कपाटात आहे, बॅटरी काढून ठेवली आहे. घरी कधी कुणी आलं तर हमखास म्हणतं, फोटो छान आहे, पण वहिनी दुसरीकडेच बघतायत. मी हो म्हणतो. मी त्या चौकटीत मावतोय की नाही, ते ती बघत होती.